वाफेचं इंजिन सांगून हवेवर चालवून दाखवलं, 64,500 गेले

ठाण्याच्या कोपरीतल्या एका फ्लॅटमधून 45 मिमी गेजचं (रुळांमधलं अंतर), गॅसवर पाणी तापवून खऱ्या वाफेवर चालणारं सेकंडहँड मॉडेल रेल्वे इंजिन, म्हणजे लाइव्ह स्टीम, घेतलं. 10,000 टोकन आणि उरलेल्यातले 14,500 यूपीआयने, 40,000 रोख. जाहिरात, टोकन, ‘दुसरं गिऱ्हाईक थांबलंय’, हा खेळ तुम्हाला माहीत आहे, तो उगाळत बसत नाही. किंमत संशय यावा इतकी कमी नव्हती. खोका मूळ कंपनीचा, सिलिंडर आणि चाकं अस्सल. बदलला होता फक्त बॉयलर.

दारात पोचलो तेव्हाच बॉयलरचा दाब दाखवणारा काटा 40 पीएसआयवर (दाबाचं एकक) होता. “आत्ताच गॅस संपला, वाफ आहे तोवर बघून घ्या,” विकणारा म्हणाला. रेग्युलेटर, म्हणजे वाफ सोडायचा व्हॉल्व्ह, उघडला, इंजिन दीड फेरी मारून थांबलं. तापल्या तेलाचा वास नाही. चिमणीतून वाफ दिसली नाही, पण आपल्याकडे मे महिन्यात ती धड दिसत नाहीच. आणि 40 पीएसआयला बॉयलर 140 अंशांवर असतो, त्याला हात लावून कोण बघतं?

मग त्यानेच ल्युब्रिकेटरचं, म्हणजे सिलिंडरला तेल पुरवणाऱ्या डबीचं, झाकण फिरवून काढलं. “बघा, तेलसुद्धा भरलेलं आहे.” मधासारखं दाट स्टीम ऑइल, अगदी काठापर्यंत. मी वाकून बघितलं आणि मान डोलावली. तिथेच उठायला हवं होतं! ल्युब्रिकेटरमध्ये वाफ थंड होऊन तिचं पाणी बनतं, ते जड म्हणून तळाशी बसतं आणि तेवढं तेल सिलिंडरकडे ढकललं जातं. वाफेवर चाललेल्या इंजिनात तेलाखाली पाणी सापडतंच. हवेचं पाणी होत नाही. त्याने पंपाने हवा भरली होती. दर वेळी इंजिन चालवून झालं की ते पाणी सिरिंजने मी स्वतः काढतो, आणि तरीही पैसे मोजले. याचाच संताप जास्त आहे.

ऐरोलीला आणून, न पेटवता, आधी पाण्याची चाचणी घेतली. जुना बॉयलर कुणाकडूनही आला तरी ही चाचणी सोडू नका. आत हवा राहू न देता तो पाण्याने पूर्ण भरा, सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी प्लग लावा, हातपंपाने कामाच्या दाबाच्या दुप्पट, म्हणजे 80 पीएसआयपर्यंत न्या. माझ्याकडे 25 लाच मागच्या प्लेटच्या सांध्यावर थेंब जमले. रंग खरवडला तर खाली करडी, नखाने ओरखडा उठणारी साधी इलेक्ट्रिकची सोल्डर. ती 190 अंशांच्या आत वितळते. बॉयलरला वापरायच्या सिल्व्हर सोल्डरला 600 च्या वर लागतात. पाणी कमी होऊन फ्लू (बॉयलरमधून जाणारी ज्योतीची नळी) उघडा पडला असता तर सांधाच सुटला असता. गॅसची टाकी बादलीत बुडवली तर भरायच्या व्हॉल्व्हमधून बुडबुडे.

पोलिसांचं काय सांगू! खाडीच्या अलीकडचे, म्हणजे ऐरोलीकडचे, म्हणतात व्यवहार पलीकडे झाला, तिकडे जा. पलीकडचे म्हणतात पैसे ऐरोलीतून गेले, तिकडे जा. हद्द न बघता नोंदवायचा झीरो एफआयआर म्हटल्यावर, “खेळण्यातल्या इंजिनासाठी?” बॉयलर फुटून कुणाचा चेहरा भाजला असता तर खेळणं म्हणाले असते का? 1930 या सायबर हेल्पलाइनवर मला विचारलं, ओटीपी दिला होता का? नाही, मग पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत. बँकेचंही तेच. शेवटी एका साहेबांनी ‘दिवाणी बाब आहे’ म्हणून अर्ज परत दिला. चालू नसलेली वस्तू चालू भासवून विकणं ही फसवणूक नाही, तर भारतीय न्याय संहितेतलं कलम 318 कशासाठी आहे? रोख 40,000 चा पुरावा मात्र माझ्याकडे खरंच नाही. रोख देऊ नका.

बघायला जाल तेव्हा बॉयलर थंडच हवा, गरम असेल तर परत या. तुमच्यासमोर आधी तेल, मग डिस्टिल्ड वॉटर, गॅस सगळ्यांत शेवटी. पाणी काठोकाठ भरून थोडं काढायला सांगा, प्रसरणाला जागा लागते. चिमणीतून पेटवल्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह उडेपर्यंत थांबा. गॅस पाण्याच्या आधी संपला पाहिजे, उलट होत असेल तर घेऊ नका. थंड झाल्यावर ल्युब्रिकेटर स्वतः उपसा.

परवा तीच हिरवी फरशी आणि तोच अंडाकृती रूळ दुसऱ्या जाहिरातीत दिसला. इंजिन वेगळं, मागणी 71,000.