डेटटाइम, टाइमस्टँप की नुसती तारीख? बिलिंगचं टेबल बनवायच्या आधी हे बघून घ्या

समजा १ एप्रिल २०२५ ला रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी एका हॉटेलात बिल फाडलं. गिऱ्हाईक उशिरा जेवायला आलं होतं, रोजचंच आहे. पण सर्व्हर यूटीसीवर (जगभर धरतात ती प्रमाण वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) चालतोय, त्याच्या लेखी अजून ३१ मार्चची संध्याकाळ आहे, ७ वाजून १० मिनिटं. महिन्याचा रिपोर्ट काढला की हे बिल मार्चमध्ये, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतं, आणि मग सीए साहेब विचारतात की बिल नंबर नव्या सिरीजचा आणि तारीख जुन्या वर्षाची, हे कसं काय? मध्यरात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात जे जे घडतं त्या सगळ्याचं हेच होतं, फक्त मार्चअखेरीला ते डोळ्यावर येतं, बाकी महिने कुणी बघत नाही.

नवीन टेबल बनवताना सगळे विचारतात की मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये डेटटाइम घेऊ का टाइमस्टँप (तारीख-वेळ ठेवायचे कॉलमचे दोन प्रकार, म्हणजे टाइप). विचारायलाच हवं, पण ते दुसऱ्या नंबरचं. आधी ठरवा की त्या कॉलममध्ये नक्की काय जाणार आहे. घडून गेलेला क्षण (पेमेंट झालं, लॉगिन झालं), का कॅलेंडरवरची नुसती तारीख (जन्मतारीख, बिलाची तारीख, हप्त्याची तारीख), का पुढे ठरलेली घड्याळातली वेळ (दर सोमवारी सकाळी नऊला मीटिंग). हे तिन्ही दिसायला सारखे दिसतात पण वागतात एकदम वेगळे, आणि माझ्या बघण्यातले जवळपास सगळे घोळ या तिघांना एकाच टाइपमध्ये कोंबल्यामुळे झालेत.

आधी घडून गेलेला क्षण घेऊ, कारण सगळ्यात जास्त कॉलम याचेच असतात.

मायएसक्यूएलचा टाइमस्टँप तुमच्या कनेक्शनचा टाइम झोन बघतो, त्यावरून यूटीसी करून आत ठेवतो, आणि वाचताना परत वाचणाऱ्याच्या कनेक्शनप्रमाणे फिरवून देतो. डेटटाइम असलं काही करत नाही, जे आकडे दिले ते तसेच ठेवतो आणि तसेच परत देतो. जागेचं म्हणाल तर टाइमस्टँपला ४ बाइट, डेटटाइमला ५.६.४ व्हर्जनपासून ५ बाइट (आधी ८ होते), म्हणजे एक कोटी ओळींमागे साधारण १० एमबीचा फरक, त्यावरून निर्णय घेऊ नका. खरा फरक रेंजचा. टाइमस्टँप १९ जानेवारी २०३८ ला यूटीसी ०३:१४:०७ ला संपतो, आपल्याकडे तेव्हा सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं झालेली असतील. डेटटाइम सन १००० पासून ९९९९ पर्यंत जातो. २०३८ लांब वाटतं पण वीस वर्षांचं गृहकर्ज आज घेतलं तर शेवटचा हप्ता त्याच्या पलीकडे पडतो, कुठल्या लायसन्सची मुदतही पडू शकते. ६४ बिटचा सर्व्हर आहे म्हणून मायएसक्यूएलमधला हा प्रॉब्लेम सुटत नाही, मर्यादा त्या टाइपचीच आहे. मारियाडीबीने (मायएसक्यूएलमधूनच निघालेला डेटाबेस) ११.५ मध्ये ती २१०६ पर्यंत वाढवलीय.

टाइमस्टँपची अजून एक खोड म्हणजे जुन्या व्हर्जनमध्ये टेबलातला पहिला टाइमस्टँप कॉलम, तुम्ही काही सांगितलं नसेल तर, ओळीत कुठलाही बदल झाला की आपोआप आत्ताची वेळ घेतो. ऑर्डर कधी आली हे ठेवायच्या कॉलमला हे झालं की मूळ वेळ गेलीच. ८.० मध्ये डिफॉल्ट बदललंय, पण जुनी टेबलं घेऊन पुढे आलेल्यांनी एकदा टेबलाची व्याख्या उघडून बघावी.

मग डेटटाइमच घ्यायचा का? मायएसक्यूएलवर मी तोच घेते, पण एका अटीवर, की त्यात कायम यूटीसीच जाईल आणि ते कनेक्शनच्या सेटिंगमध्येच बांधलेलं असेल, "सगळ्यांना माहितीये" यावर सोडलेलं नसेल. ही अट मी एवढी धरून का बसते ते सांगते. एका बिलिंगच्या कामात आमचा डेटाबेस ऑफिसातल्या मशीनवर होता, त्याचं घड्याळ भारतीय वेळेवर, कॉलम डेटटाइम, सगळं व्यवस्थित. मग क्लाउडवर हलवलं, तिथला सर्व्हर यूटीसीवर, आणि हलवताना कुणी ते बघितलं नाही. त्या दिवसापासून त्याच कॉलममध्ये नव्या ओळी साडेपाच तास मागच्या पडायला लागल्या आणि कुठेही एरर नाही, कारण डेटटाइमला झोनशी काही देणंघेणंच नाही. आम्हाला वाटलं, ठीक आहे, अमुक आयडीच्या पुढच्या ओळींना साडेपाच तास जोडून टाकू, पण दुकानातलं डेस्कटॉप अॅप स्वतःच्या घड्याळातली वेळ पाठवत होतं, ती भारतीयच राहिली, म्हणजे एकाच आयडीच्या रांगेत दोन्ही तऱ्हेच्या ओळी, आणि ओळीकडे बघून कळायला काहीही मार्ग नाही. शेवटी बिलबुकातल्या कार्बन कॉप्या काढून रात्रीच्या बिलांच्या वेळा हाताने जुळवल्या. दुकानदाराचा मुलगा दोन दिवस सोबत बसला होता, त्याची काही चूक नसताना. म्हणून हे मी मनापासून सांगते, झोन लक्षात ठेवायचं काम माणसांवर टाकू नका.

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये हा निर्णय सोपा आहे. तिथे टाइमस्टँप विदाउट टाइम झोन आणि टाइमस्टँप विथ टाइम झोन असे दोन, दोन्ही ८ बाइट, दोन्ही मायक्रोसेकंदापर्यंत, म्हणजे जागेवरून वाद घालायला काही उरतच नाही. घडलेल्या क्षणासाठी विथ टाइम झोनवाला घ्या, संपलं. फक्त नावावरून फसू नका, तो झोन ठेवत नाही! आत यूटीसी जातं आणि वाचताना तुमच्या सेशनच्या झोनमध्ये फिरवून मिळतं, गिऱ्हाईक दुबईत होतं का नाशकात हे त्यातून कधीच कळणार नाही, ते हवं तर वेगळा कॉलम ठेवा. आणि विदाउटवाल्याचं वागणं बघा: त्याला "००:४० अधिक साडेपाच" असं झोनसकट दिलंत तर तो तो अधिक साडेपाच गुपचूप टाकून देतो आणि ००:४० ठेवतो. तोच क्षण दुसऱ्या सर्व्हिसने यूटीसीत १९:१० म्हणून पाठवला तर १९:१० ठेवतो. एकच क्षण, दोन आकडे, एरर नाही.

पोस्टग्रेसवर अजून एक, झोनचं नाव कायम एशिया/कोलकाता असं पूर्ण लिहा. तिथे डिफॉल्ट सेटिंगमध्ये आयएसटी म्हणजे इस्राएलची वेळ, यूटीसीच्या दोन तास पुढची, आपली नाही. मायएसक्यूएलमध्ये उलट अडचण, तिथे झोनची टेबलं भरलेली नसतील तर नावाने झोन बदलायला गेलं की नल (म्हणजे रिकामं उत्तर) मिळतं, म्हणून आधी ती भरून घ्यायची. अधिक ०५:३० लिहिलं तर टेबलांशिवाय चालतं, आणि फक्त भारतापुरतं, आजच्या काळापुरतं ते पुरतं सुद्धा.

एसक्यूएल सर्व्हरवर असाल तर जुना डेटटाइम नव्या टेबलात घेऊ नका, डेटटाइम२ घ्या, आणि ऑफसेट (यूटीसीपासून किती पुढे-मागे) सोबत ठेवायचा असेल तर डेटटाइमऑफसेट. जुन्याचे मिलिसेकंद ०, ३, ७ असेच संपतात, त्यामुळे "दिवसाचा शेवट" म्हणून २३:५९:५९.९९९ दिलं की ते गोल होऊन दुसऱ्या दिवशीची मध्यरात्र होतं. ओरॅकलमध्ये डेट नावाच्या टाइपमध्ये वेळही असते, तेवढं डोक्यात ठेवा. एसक्यूलाइटमध्ये तारखेचा टाइपच नाही, तिथे साल-महिना-दिवस या क्रमाने मजकूर ठेवा.

काही जण म्हणतात की हे सगळं सोडा, बिगइंटमध्ये (मोठ्या पूर्णांकाचा टाइप) १९७० पासूनचे सेकंद ठेवा. चालतं, झोनची कटकट नाही, मोबाइल अॅपला सोयीचं. पण एक टीम सेकंद लिहिते (१० आकडे) आणि दुसरी मिलिसेकंद (१३ आकडे), मग एका स्क्रीनवर जानेवारी १९७० दिसतं आणि दुसरीकडे पन्नास हजारच्या पुढचं साल. आणि रात्री अकराला गिऱ्हाईकाचा फोन आला की टेबल उघडून नुसतं बघून काही कळत नाही, प्रत्येक आकडा फिरवत बसा. मजकूर म्हणून दिवस-महिना-साल ठेवणं हा पर्याय मी पर्यायच धरत नाही. सॉर्ट चुकतं, ३१ फेब्रुवारी बिनबोभाट आत जाते, आणि ०५-०४ ही ५ एप्रिल की ४ मे हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

आता नुसती तारीख. इथे डेट टाइप घ्या, त्याला क्षण बनवूच नका. जन्मतारीख टाइमस्टँपमध्ये ठेवली की काय होतं बघा: फॉर्मवर १५ मे निवडली, ब्राउझरने ती भारतातली १५ मेची मध्यरात्र धरली, यूटीसी करून पाठवली, झाली १४ मे १८:३०. पुढे कुणी वेळ कापून तारीख ठेवली की माणूस एक दिवस आधी जन्मला. डेटाबेसमध्ये ओळीमागून ओळ १८:३०:०० दिसायला लागली तर जवळजवळ खात्रीने समजा की ती आपल्याकडची मध्यरात्र आहे आणि कुणीतरी तारखेचा क्षण केलाय.

म्हणूनच बिलाच्या टेबलात माझं मत दोन कॉलमचं आहे. एक, बिल कधी तयार झालं तो क्षण, यूटीसीत. दुसरा, बिलाची तारीख, डेट टाइप, जी अॅप दुकानाच्या झोनप्रमाणे ठरवून एकदाच लिहितं. कागदावर छापलेली तारीख हीच, रिपोर्ट याच्यावर, आर्थिक वर्ष याच्यावर. काही जण म्हणतील हे डुप्लिकेट आहे, क्षणावरून तारीख काढता येते की. येते, पण मग प्रत्येक क्वेरीत प्रत्येकाने झोन बरोबर लावायला हवा, आणि ते होत नाही, मी बघितलंय. शिवाय रात्री दीडपर्यंत चालणाऱ्या हॉटेलात मालक बाराच्या नंतरचा गल्ला आदल्या दिवसात धरतो, तो त्याचा धंद्याचा दिवस आहे, कुठल्याही झोनच्या हिशोबातून निघणार नाही. त्यासाठी हवा तर तिसरा डेट कॉलम, बिलाची तारीख त्यापायी हलवू नका.

पुढे ठरलेल्या वेळेच्या बाबतीत मात्र यूटीसीवाल्यांचं "सगळं यूटीसीत ठेवा" इथे चुकतं. लंडनच्या टीमसोबत दर सोमवारी त्यांच्या सकाळी नऊला कॉल आहे. हिवाळ्यात ते आपले दुपारचे अडीच, मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ पुढे गेलं की आपला दीड. जानेवारीचाच हिशोब लावून वर्षभराच्या मीटिंगा यूटीसीत लिहून ठेवल्या की एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंतच्या सगळ्या चुकल्या. आणि सरकारं नियमही बदलतात, मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक देशात उन्हाळी वेळच बंद केली, ज्यांनी २०२३ च्या उन्हाळ्यातल्या वेळा आधीच यूटीसी करून ठेवल्या होत्या त्या तासाने सरकल्या. म्हणून इथे घड्याळातली वेळ (डेटटाइम किंवा विदाउट टाइम झोन) आणि शेजारी झोनचं नाव, यूरोप/लंडन असं, हे मूळ धरा, यूटीसी त्यावरून काढा आणि नियम बदलले की परत काढा.

आपल्याकडे घड्याळ बदलत नाही म्हणून हे आपल्याला लागू नाही असं वाटतं, पण पत्रिका किंवा विवाह जुळवणीचं अॅप करणाऱ्यांनी थांबावं. मुंबईत १९५५ पर्यंत बॉम्बे टाइम वापरात होता, ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, आणि युद्धात सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ देशाचं घड्याळ साडेसहा तासांवर होतं. १९४४ मध्ये जन्मलेल्या आजोबांची वेळ अधिक साडेपाच धरून यूटीसी केली की लग्न राशच बदलू शकते. जन्मवेळ दाखल्यावर आहे तशीच ठेवा, सोबत गाव ठेवा, हिशोब नंतर.

क्षणाच्या कॉलमवर रिपोर्टची क्वेरी लिहायची वेळ आलीच तर शेवट कधी २३:५९:५९ धरू नका, आणि त्या कॉलमवर तारीख कापायचं फंक्शनही लावू नका, साधा इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) बाजूला पडतो. एप्रिलसाठी: ३१ मार्च १८:३० यूटीसी किंवा त्यानंतर, आणि ३० एप्रिल १८:३० च्या आधी. "आधी" म्हणजे काटेकोर कमी, बरोबर नाही.

आणि आधीच चालू असलेलं टेबल असेल तर टाइप बदलायच्या आधी एक करा. तासाप्रमाणे ओळी मोजा. दुकान सकाळी दहाला उघडत असेल आणि टेबलात पहाटे साडेचारला गर्दी दिसत असेल, तर तिथे यूटीसी आहे. दोन्हीकडे गर्दी दिसली तर सर्व्हर कधी हलवला ती तारीख शोधा आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे वेगवेगळं मोजा, अल्टर टेबल (टाइप बदलायची कमांड) त्यानंतर.