गृहज्योतीवर राहायचं की छतावर सोलर घालायचं? बेळगाव भागातल्या घरांसाठी हिशोब

सध्या बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी कुठंही गेलं की हा विषय निघतोच. एकजण म्हणतो कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेतनं बिल झिरो येतंय मग सोलर कशाला, दुसरा म्हणतो केंद्राची 78 हजार सबसिडी मिळायलीय तर सोडायची कशाला. दोघांचंही आपापल्या घरापुरतं बरोबर असतंय, म्हणून शेजाऱ्याचं बघून ठरवू नका, आधी स्वतःचं लाईट बिल हातात घ्या.

गृहज्योती 2023 च्या ऑगस्टपासून लागू झाली आणि तेव्हापासून "200 युनिट फुकट" एवढंच सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. प्रत्यक्षात तसं नाही. 2022-23 मध्ये तुमचा महिन्याचा सरासरी वापर किती होता त्यावर 10 टक्के वाढवून तुमचा कोटा ठरलाय (ज्यांची सरासरी 48 युनिटपर्यंत होती त्यांना पुढं 10 टक्क्यांऐवजी 10 युनिट जादा दिले). म्हणजे सरासरी 100 असेल तर 110 फुकट, 150 जाळले तर वरच्या 40 चे पैसे द्यायचे. आणि एकदा का 200 च्या वर गेलात की त्या महिन्याचं पूर्ण बिल तुमच्यावर. कोटा 200 च्या जवळ असेल तर 199 आणि 205 मध्ये सहा युनिटांचा फरक, पण बिलात हजार-बाराशेचा.

खरी अडचण नवीन घरवाल्यांची आहे. वाटणी झाली, भावानं वेगळं घर बांधलं, नवीन मीटर घेतला, तर जुनी सरासरीच नाही, मग राज्याची सरासरी 53 युनिट धरून साधारण 58 युनिटच मिळतात. फ्रिज, पंखे, टीव्ही, पाण्याची मोटर असलेल्या घरात 58 युनिट पंधरा दिवसात संपतात. अशा घरांनी सोलरचा विचार नक्की करावा असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ज्यांचा वापर कायमच 250-300 च्या घरात आहे त्यांनी पण.

आता सोलरचं बघू. केंद्राची पीएम सूर्यघर योजना 2024 च्या फेब्रुवारीत आली. पहिल्या 2 किलोवॅटला किलोवॅटमागं 30,000 आणि तिसऱ्याला 18,000, अशी 3 किलोवॅटला 78,000 सबसिडी, त्याच्या वर कितीही मोठं घातलं तरी तेवढीच. 3 किलोवॅटला सावली नसलेली साधारण 300 चौरस फूट जागा लागते. एक किलोवॅट वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला 4 युनिटच्या आसपास देतंय, म्हणजे 3 किलोवॅटचे महिन्याला 350 च्या जवळपास. खर्च दीड ते दोन लाख, सबसिडी वजा जाता लाखभर आपल्या खिशातनं. युनिटचा दर सहा रुपयांच्या आसपास धरला तर 300 युनिट जाळणाऱ्याचे पैसे पाच-सहा वर्षात सुटतात आणि पॅनल पंचवीस वर्षं चालायला पाहिजे. पण ज्याचं बिल आत्ता झिरो आहे त्याचे कशातनं सुटणार? जादा तयार झालेली वीज हेस्कॉमला (आपल्या भागातल्या वीज कंपनीला) जाते खरी, पण आपण विकत घेतो त्यापेक्षा बऱ्याच कमी दरानं, त्या कमाईच्या भरवशावर लोन काढू नका. कोटा 150-180 चा आहे आणि वापर त्याच्या आतच आहे असं घर असेल तर मी तरी कर्ज काढून सोलर घाला म्हणणार नाही.

ह्यात गाव कुठं आहे ते फार महत्त्वाचं. अथणी, रायबाग, चिकोडीकडं ऊन भरपूर, छतं सपाट, तिथं डोळे झाकून हिशोब जमतो. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडं जून ते सप्टेंबर सूर्य दिसत नाही म्हटलं तरी चालेल, त्यात कौलारू घरं, अंगावर फणस-आंब्याची झाडं, वर माकडं. तिथं वार्षिक सरासरीचा आकडा दाखवून कोणी विकायला आला तर त्याला पावसाळ्यातल्या चार महिन्यांचे आकडे वेगळे मागा.

अजून एक गैरसमज खूप आहे, की सोलर घातलं की लाईट गेली तरी घरात करंट राहणार. नाही राहत. सबसिडीतलं साधं ऑनग्रिड (लाईनला जोडलेलं, बिनबॅटरीचं) सोलर लाईन बंद झाली की स्वतःहून बंद पडतं, लाईनवर काम करणाऱ्या लाईनमनच्या जिवासाठी ती सोय मुद्दाम केलेली असते. पावसात झाड पडून दोन-दोन दिवस अंधार होणाऱ्या गावात बॅटरीवालं हायब्रीड लागतं आणि त्याचा खर्च बराच वर जातो, त्यापेक्षा तिथं साधा इन्व्हर्टर-बॅटरी बरी.

आणि ज्यांचा वापर 200 युनिटच्या जरा वर लटकतोय, 210-240 वगैरे, त्यांनी लाखाच्या गोष्टी करायच्या आधी गिझर बघा. 2,000 वॅटचा गिझर रोज तासभर चालला तर महिन्याला 60 युनिट जातात. सोलर वॉटर हीटर त्यापेक्षा कितीतरी स्वस्तात बसतो आणि वर्षातले सात-आठ महिने तरी तुम्ही 200 च्या आत येता. भाड्यानं राहणाऱ्यांना तर छत स्वतःचं नाही, गृहज्योती भाडेकरूंनाही आहे, त्यांच्यासाठी गिझर कमी चालवून 200 च्या आत राहणं हाच रस्ता.

पैशाच्या पलीकडचं पण बोलायलाच पाहिजे. झिरो बिल आलं म्हणून वीज फुकट तयार होत नाही. आपल्या शेजारी विजापूर जिल्ह्यात कुडगीला 2,400 मेगावॅटचं कोळशावरचं केंद्र आहे, त्याला पाणी आलमट्टीचं, राख आणि धूर तिथल्या गावांना, आणि तिथल्या शेतकऱ्यांनी 2014 मध्ये मोठं आंदोलन केलेलं आहे. गृहज्योतीनं गरीब घरातल्या बाईच्या हातात महिन्याला चार पैसे राहिले, ती योजना वाईट आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण ज्याच्याकडं स्लॅबचं छत आहे, ऊन आहे, हातात पैसा आहे आणि वापर 300 आहे, त्यानं तरी सोलर घालावं असं मला मनापासून वाटतं, कारण दुपारी आपल्या छतावर झालेलं युनिट तेवढा कोळसा वाचवतंच.

ठरवलंत तर दोन कामं आधी करा. मीटर अजून आजोबांच्या नावावर असेल तर नाव बदलून घ्या, कारण अर्ज बिलावरच्या नावानंच होतो, आणि छत भावाभावांत सामाईक असेल तर सगळ्यांची लेखी संमती आत्ताच घ्या. आणि सोलर घातल्यावर आपल्या मीटरवरच्या गृहज्योतीचं काय होणार ते अर्ज भरायच्या आधी हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसात जाऊन विचारा, उत्तर लेखी मागा, विक्रेत्याच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका.