थीम साहित्य संच: जून ते एप्रिल वापरल्यानंतरचा अनुभव (द्विशिक्षकी शाळा, यावल तालुका)

आमची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, शिक्षक दोन. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. परिपाठ झाला की पहिला तास चारही वर्ग एकाच खोलीत एकाच विषयावर बसतात, आणि या तासासाठी आम्ही गेल्या जूनमध्ये महिनावार थीमचा एक तयार संच विकत घेतला. त्यात चित्रकार्डं, शब्दपट्ट्या, रंगवायची पानं, भिंतीवर लावायचे तक्ते आणि निरीक्षणाचे रिकामे तक्ते आहेत. सगळं पीडीएफमध्ये मिळतं, छापायचं आपण. शिक्षण परिषदेत बऱ्याच जणींनी विचारलं, "मॅडम, घेऊ का?" उभ्या उभ्या सांगण्यासारखं उत्तर नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

घ्या, पण चित्रांसाठी नको. रिकाम्या पानांसाठी घ्या.

संचातली डिसेंबरची थीम 'हिवाळा' आहे आणि तिच्यात बर्फाचा माणूस, लोकरी हातमोजे, शेकोटीजवळची मांजर आहे. ऑगस्टमध्ये 'फळं' आहे, त्यात सफरचंद, चेरी, किवी. ज्या मुलांच्या घरामागे केळीची बाग आहे त्यांना चेरी रंगवायला दिली तर ती रंगवतात, छानच रंगवतात, पण बोलत नाहीत. विचारायला काही उरत नाही. याच थीमसोबत एक साधं पान होतं, त्यावर तीन रकाने: मी काय पाहिलं, मी काय मोजलं, मला काय विचारायचं आहे. ते पान घेऊन आम्ही केळीवर बसलो आणि आठवड्याची थीम पंधरा दिवस चालली.

एका पालकांनी बागेतून कापलेला अख्खा घड वर्गात आणून दिला. पहिलीने फण्या मोजल्या. दुसरीने प्रत्येक फणीतली केळी मोजून शेजारी आकडा लिहिला आणि चढता-उतरता क्रम लावला. वरच्या फणीत केळी जास्त, खाली जावं तशी कमी, हे मुलांना आधीपासून ठाऊक होतं, पण कागदावर ते पहिल्यांदाच आलं. तिसरीच्या मुलांनी सगळ्या फण्यांची बेरीज केली. चौथीतल्या एकाने एका फणीतली केळी मोजून फण्यांच्या संख्येने गुणलं आणि तिसरीची बेरीज वेगळी आली. मग कोणाचं बरोबर यावर जो वाद झाला तो मी थांबवला नाही. अंदाज आणि मोजणी यांतला फरक समजावून सांगायला मला एरवी दोन तास लागले असते. पुढे मुलांच्या प्रश्नांच्या रकान्यात आलं, 'केळीला एकदाच घड का येतो?' तिथून विज्ञान सुरू झालं. केळीचं जे खोड दिसतं ते लाकडाचं नसून पानांच्या तळांच्या गुंडाळीचं असतं, घड काढून घेतला की ते कापतात आणि बाजूचं पील (नवा कोंब) वर येतं. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे सरांनी चौथीला सांगितलं तेव्हा एका मुलीने लगेच विचारलं, "म्हणजे आमच्या बागेलापण?" एक सूचना मात्र आधीच देऊन ठेवते. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही. घड हाताळायच्या दिवशी मुलांना गणवेश नको, घरचे जुने कपडे घालायला सांगा.

कापसाची थीम संचात नाहीच. आम्ही दिवाळीआधी, वेचणी सुरू झाली तेव्हा रिकाम्या तक्त्यांवरच ती उभी केली. बोंड उघडून कप्पे मोजायचे, प्रत्येक कप्प्यातली सरकी वेगळी करायची, कापूस एका बाजूला, सरकी दुसऱ्या बाजूला. लहान बोटांना हे काम इतकं आवडतं की एरवी न बसणारी मुलंही बसतात. पण बोंड शेतातलंच घ्या. पेरणीच्या पाकिटातल्या बियांना औषध लावलेलं असतं, ते वर्गात अजिबात आणू देऊ नका. हंगाम संपल्यावर पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या, सारख्या मापाच्या काड्या तोडून, धुऊन, वाळवून दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. एकक-दशकासाठी याहून चांगलं साहित्य मला विकत मिळालेलं नाही. निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणित अभियानाच्या उद्दिष्टांत पहिलीला ९९ पर्यंत, दुसरीला ९९९ पर्यंत आणि तिसरीला ९९९९ पर्यंत संख्या आहेत. जुड्यांवर ९९ पर्यंत सहज जाता येतं, दहा जुड्यांची मोळी बांधली की शतकही हातात येतं. हजारासाठी मात्र संचातली छापील संख्याकार्डंच वापरली आणि ती चांगली आहेत. आकडे मोठे, मांडणी स्वच्छ. शेकडा आणि हजाराचे रंग वेगळे असल्यामुळे मुलं गोंधळत नाहीत.

श्रावणात संचाची थीम 'माझे मित्र' होती. आपल्याकडे त्या दिवसांत घरोघरी कानबाईची, या खानदेशातल्या देवीच्या सणाची, तयारी असते, रोटांसाठी गहू सव्वाच्या मापाने काढतात. तो सव्वा आम्ही वर्गात आणला. एक वाटी आणि पाव वाटी, मग दीड, अडीच, पाऊण. अपूर्णांक चौथीला नुसत्या आकृतीतले भाग रंगवून कळत नाहीत, धान्य ओतून कळतात. पण सगळ्याच घरी कानबाई बसत नाही. आमच्याकडे तडवी समाजाची मुलंही आहेत. म्हणून थीमचं नाव आम्ही 'माप' ठेवलं आणि प्रत्येकाने आपल्या घरी काय, कशाने मोजतात ते सांगितलं. कोणी दूध, कोणी बाजरी, कोणी दुकानातलं तेल. सण थीम म्हणून घेताना एकही मूल बाजूला बसून राहणार नाही, हे आधी बघायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

चित्रकार्डांबद्दल एक चांगली गोष्ट. कार्डावर शब्द छापलेला नाही, शब्दपट्टी वेगळी आहे. आमच्या वर्गात कोणी घरी अहिराणी बोलतं, कोणी लेवा गणबोली, पाड्यावरची मुलं पावरी. चित्र समोर आलं की प्रत्येकजण आपल्या बोलीत आधी बोलतो, मग पट्टी लावतो. शब्द आधीच छापलेला असता तर निम्मी मुलं गप्प बसली असती. हा विचार संच करणाऱ्यांनी मुद्दाम केला असेल तर त्यांचे आभार.

रंगवायच्या पानांवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. छपाईचा सगळ्यात जास्त खर्च त्यांचा आणि शिकणं सगळ्यात कमी.

आता छपाई आणि लॅमिनेशन, कारण पैसे इथेच जातात. शाईच्या प्रिंटरवर काढलेली रंगीत पानं पावसाळ्यात ओल्या हाताने धरली की रंग पसरतो. झेरॉक्सच्या दुकानातली लेझर प्रिंट टिकली. लॅमिनेशनला १२५ मायक्रॉनची पाऊच पुरतात, फक्त रोज हाताळायच्या संख्याकार्डांना २५० ची जाड घ्या. कापताना कागदाच्या चारही बाजूंनी थोडी प्लास्टिकची कड सोडायची, नाहीतर तोंड उघडतं आणि पाणी आत जातं. कोपरे गोल करा, टोकं मुलांना टोचतात. चकचकीत पाऊचवर खिडकीचा उजेड पडला की मागच्या ओळीला काही दिसत नाही, म्हणून भिंतीवरच्या तक्त्यांना मॅट घ्या. व्हाइटबोर्ड मार्करने लिहिलेलं त्याच दिवशी पुसलं पाहिजे. राहून गेलं तर त्यावरच पुन्हा मार्कर फिरवून लगेच पुसा, निघतं. आणि मार्चनंतर भिंतीवर चिकटपट्टी टिकत नाही, आपल्या उन्हात गोंद सुटतो. आम्ही खिळ्यांना सुतळी बांधली आणि कपड्यांचे चिमटे लावले. तक्ते मुलांच्या हाताला येतील एवढ्या उंचीवर आले, हा त्यातला मोठा फायदा.

नदीची थीम संचात ठीक आहे, डोंगरापासून समुद्रापर्यंतची नदी, होडी, मासे. आम्ही तिच्या जागी तापी घेतली. मैदानात चुन्याने रेघ मारली, मुलताईला दगड, पूर्णा मिळते त्या चांगदेवला दुसरा, हतनूर धरणाला विटांची भिंत आणि शेवटी सुरतेजवळ समुद्र. लांबी ७२४ किलोमीटर, म्हणून चौथीने प्रमाण ठरवलं, एक पाऊल म्हणजे दहा किलोमीटर. तापी सूर्य मावळतो त्या बाजूला वाहते, हे पहिलीच्या मुलांनी संध्याकाळी घरी जाऊन स्वतः पडताळलं. यात संचातलं एकच पान वापरलं गेलं, 'प्रवासाचा तक्ता', पण ते नसतं तर मुलांचं लिखाण इतकं नीट बसलं नसतं.

संचाची एक खरी अडचण आहे. प्रत्येक थीम सलग पाच दिवसांची साखळी धरते, कालचं पूर्ण झालं तरच आजचं जमतं. दिवाळीनंतर काही घरं ऊसतोडीला जातात, वेचणीत मोठ्या मुली धाकट्यांना सांभाळायला घरी राहतात. परत आलेलं मूल साखळीच्या मधेच उभं राहतं. म्हणून आम्ही प्रत्येक दिवस स्वतंत्र केला. त्या दिवशी सुरू, त्याच दिवशी पूर्ण. तयारीला सुरुवातीला वेळ जातो, पण एकदा केलं की पुढच्या वर्षी कामाला येतं.

कोणाला घ्यायला सांगेन? दोन शिक्षक आणि एकत्र बसणारे वर्ग असतील तर जरूर. सेमी इंग्रजीच्या शहरी वर्गाला मूळ चित्रंही चालतील. एकशिक्षकी शाळेत मात्र पूर्ण संचाचा खर्च करू नका. तीन रकान्यांचं पान कोऱ्या कागदावर हाताने आखून झेरॉक्स काढा, ते पुरेसं आहे. आणि छपाई मे महिन्यातच उरका. जूनमध्ये शाळा उघडल्या की यावलला झेरॉक्सच्या दुकानांत दाखल्यांच्या आणि प्रवेशाच्या कागदांची गर्दी असते, तेव्हा आपल्या रंगीत पानांना कोणी हात लावत नाही.