फुली, घड्याळ आणि एक चुकीचे पान: अभिक्रियेच्या वेगाचा प्रयोगसंच

बारावीच्या वर्गाला रासायनिक गतिकी शिकवताना दरवर्षी एकच अडचण येते. विद्यार्थी सूत्रे पाठ करतात, आलेखही काढतात, पण अभिक्रियेचा वेग ही घड्याळ लावून मोजायची गोष्ट आहे हे त्यांना जाणवत नाही. म्हणून या वर्षी प्रयोगसाहित्य विकणाऱ्या एका विक्रेत्याकडून १,४५० रुपयांचा अभिक्रियेच्या वेगाचा संच मागवला आणि चार आठवडे विद्यार्थ्यांबरोबर वापरला.

संचात सोडिअम थायोसल्फेट, २ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, हायड्रोजन पेरॉक्साइड, पोटॅशिअम आयोडाइड, दोन शंकुपात्रे, वायू गोळा करण्याची नळी, तापमापी आणि काळी फुली छापलेला जाड कागद आहे. काचसामान चांगले आहे. तापमापी प्रयोगशाळेतल्या तापमापीशी ताडून पाहिली, फरक अर्ध्या अंशापेक्षा कमी निघाला.

सर्वांत उत्तम जमतो तो फुलीचा प्रयोग. शंकुपात्र फुलीवर ठेवून थायोसल्फेटमध्ये आम्ल ओतले की गंधकाचे सूक्ष्म कण तयार होऊन द्रावण गढूळ होत जाते आणि वरून पाहणाऱ्याला फुली दिसेनाशी होते. फुली झाकायला लागणारे गंधक दरवेळी तेवढेच असल्यामुळे, लागलेल्या वेळाचा व्यस्त हे वेगाचे माप म्हणून घेता येते. ०.१ मोलर थायोसल्फेट ५० मिलीलिटर घेतले तेव्हा आम्हाला २४ सेकंद लागले. ४० मिलीलिटरमध्ये १० मिलीलिटर पाणी घातल्यावर ३०, ३० मिलीलिटरला ४०, २० ला ६१ आणि १० ला १२४ सेकंद. घनफळ आणि वेळ यांचा गुणाकार १,२०० च्या आसपासच राहतो हे एका विद्यार्थिनीच्या आपणहून लक्षात आले, आणि थायोसल्फेटच्या बाबतीत कोटी, म्हणजे वर्गात आपण जिला ऑर्डर म्हणतो ती (संहतीच्या, म्हणजे द्रावणातल्या प्रमाणाच्या, कितव्या घातावर वेग अवलंबून आहे तो अंक), एक आहे हे मला फळ्यावर लिहावे लागले नाही. ३० अंशांवरचे २४ सेकंद ४० अंशांवर १३ झाले. त्यावरून, तापमान आणि वेग यांचा संबंध सांगणाऱ्या अऱ्हेनियसच्या समीकरणाने काढलेली सक्रियण ऊर्जा, म्हणजे अभिक्रिया घडायला लागणारी किमान ऊर्जा, मोलमागे सुमारे ४८ किलोजूल आली. एवढ्या साध्या साधनांनी १८८९ सालचे ते समीकरण विद्यार्थ्यांच्या हाती असे लागते, यासाठीच मी या संचाचे मनापासून कौतुक करतो.

म्हणूनच माहितीपुस्तिकेतले सातवे पान वाचून फार वाईट वाटले. तिथे लिहिले आहे की संतुलित समीकरणातील सहगुणकांवरून, म्हणजे पदार्थांपुढच्या आकड्यांवरून, अभिक्रियेची कोटी ठरते. हे चूक आहे, आणि या प्रकरणातली हीच सर्वांत घातक चूक आहे, कारण कोटी फक्त प्रयोगानेच ठरते. डायनायट्रोजन पेंटॉक्साइडच्या विघटनाच्या समीकरणात सहगुणक २ आहे, तरी कोटी १ आहे. हायड्रोजन आणि ब्रोमीन यांच्या अभिक्रियेत तर कोटी अपूर्णांकात येते. दूर कशाला, थायोसल्फेटच्या समीकरणात आम्लाचा सहगुणक २ आहे. पुस्तिका खरी असती तर आम्लाची संहती निम्मी केल्यावर वेळ चौपट व्हायला हवी होती. आम्ही १० मिलीलिटर आम्लाऐवजी ५ मिलीलिटर आम्ल आणि ५ मिलीलिटर पाणी घेतले, तर २४ सेकंदांचे २६ झाले. संचातल्याच बाटल्यांनी संचातल्याच पुस्तिकेला खोटे ठरवले. शिक्षक सोबत नसलेला विद्यार्थी मात्र छापलेल्या पानावरच विश्वास ठेवील, आणि प्रवेशपरीक्षेतही तेच उत्तर लिहून येईल. विक्रेत्याला मी हे सविस्तर कळवले आहे.

दुसरी तक्रार पेरॉक्साइडची. लेबलावर ६ टक्के असे आहे, पण उत्पादनाची तारीख नाही. प्रयोगशाळेत पोटॅशिअम परमँगनेटने अनुमापन केले तेव्हा ते जेमतेम ४ टक्के भरले. पेरॉक्साइडचे विघटन साठवणीतही चालूच असते, उन्हाळ्यात अधिकच, त्यामुळे तारीख हवीच. त्याच्या ३ मिलीलिटरमधून सुमारे ६५ मिलीलिटर ऑक्सिजन अपेक्षित होता, तो ४३ मिलीलिटर मिळाला. तरीही प्रयोग वाया गेला नाही. आयोडाइड उत्प्रेरक घालून मोजले असता निम्मा वायू ९५ सेकंदांत आणि पाऊण वायू १९० सेकंदांत गोळा झाला. पेरॉक्साइड पाणी घालून आणखी सौम्य केले, आयोडाइडची संहती तीच ठेवली, तरी अर्धायुष्यकाल, म्हणजे निम्मे पेरॉक्साइड संपायला लागणारा वेळ, जवळजवळ तेवढाच राहिला. पहिल्या कोटीच्या अभिक्रियेचा अर्धायुष्यकाल सुरुवातीच्या संहतीवर अवलंबून नसतो, हे वाक्य मी वीस वर्षे सांगत आलो आहे. यंदा विद्यार्थ्यांनी ते नळीत पाहिले.

घरी वापरणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट, जी पुस्तिकेत अगदी बारीक अक्षरात आहे: फुलीच्या प्रयोगात सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी तो करू नये. इतरांनी खिडक्या उघड्या ठेवाव्यात, द्रावण ५० अंशांपेक्षा जास्त तापवू नये आणि फुली दिसेनाशी होताच शंकुपात्रातले द्रावण धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात ओतावे. तो सोडा संचात दिलेला नाही, आधी आणून ठेवावा. थायोसल्फेट तीसेक विद्यार्थ्यांच्या एका तुकडीला पुरते. पुढच्या तुकडीसाठी प्रयोगसाहित्याच्या कोणत्याही दुकानात हायपो या नावाने ते स्वस्तात मिळते, त्यासाठी नवा संच घेण्याची गरज नाही.