ऑफिसला गाडीने की सायकलने?

सकाळी गाडीची किल्ली उचलताना दाराशी उभ्या सायकलकडे नजर जाते आणि मन खातं. पुढच्या चाकातली हवा उतरलेली, सीटवर धुळीचा थर. ही टोचणी उगाचची नाही, असं मला वाटतं.

१ लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जवळच्या अंतराला तर गाडी जास्तच वाईट. थंड इंजिन इंधन जास्त पितं, आणि धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय नीट कामाला लागत नाही. छोटी फेरी तेवढ्यातच निम्मी संपते. सायकलला यातलं काहीच नाही. शिवाय जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. जाता-येता १५-१५ मिनिटं पायडल मारलं की पाच दिवसांत तेवढा होतो.

पण गाडीची बाजूही खरी आहे. धो धो पावसात, लेकराला शाळेत सोडताना, रात्रपाळीहून दमून येताना गाडीच हवी. आणि ट्रक अगदी अंगाला घासून जातो तेव्हा हँडल धरलेल्या तळव्यांना घाम फुटतो. वेगळी सायकलवाट नसेल तर त्या भीतीला आळस म्हणणं अन्यायाचं आहे.

माझा कौल असा: पाच किलोमीटरच्या आत आणि रस्ता बरा असेल तर सायकल. लांब असेल तर गाडी, पण शक्यतो दोघा-तिघांनी मिळून. मी आठवड्यातले दोन दिवस सायकलचे ठरवलेत. आदल्या रात्रीच हवा भरून ठेवते.