जवसाचं तेल, सात महिने: गुडघ्यापेक्षा फ्रिजलाच जास्त लागलं

परवा बाटलीचं झाकण उघडेना. ह्यांनी पकडीने धरून पिरगाळलं, झाकण फुटलं आणि अर्धी बाटली भाजीच्या ट्रेमध्ये सांडली. वर्ष झाल्यावर लिहायचं ठरवलं होतं, पण आता तेवढा धीर नाही.

तेल लाकडी घाण्याचं, कोथरूडमधल्या एका दुकानातलं. २५० मिलीला २६० रुपये. माझं वय ६३, दोन्ही गुडघ्यांची झीज, उजवा जास्त कुरकुरतो. ओमेगा थ्री स्निग्धाम्लं वगैरे सगळ्यांना पाठ आहे, ते परत सांगत नाही. गुडघ्यांसाठी म्हणून जुलैत सुरू केलं, रोज दोन मोठे चमचे, भाकरीवर जवसाच्याच चटणीत कालवून. फोडणीला चालत नाही, तापवलं की बिघडतं.

आधी झाकणाबद्दल बोलू. हे तेल शेंगदाण्याच्या तेलासारखं नुसतं ओघळत नाही, ते वाळतं. हवा लागली की त्याचा चिवट पापुद्रा होतो. म्हणूनच रंगारी लोक पिढ्यान्‌पिढ्या हे तेल वापरतात, ऑइल पेंट आणि वॉर्निशचा जीवच त्यात. हे मला फ्रिजच्या काचेवर सात गोल छापे उमटल्यावर कळलं. साबणाने जात नाहीत, लिंबाने जात नाहीत, बेकिंग सोड्याने थोडे गेले आणि काचेची चमकही घेऊन गेले. बाटलीखाली बशी ठेवली तर बशी बाटलीला चिकटली, उचलली की दोन्ही बरोबर येतात. दुकानदाराला म्हटलं, निमुळत्या तोंडाची बाटली का देत नाही? म्हणाला, “काकू, पुसून ठेवायची हो.” पुसलेलं फडकं दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यासारखं कडक! (शिवाय अशी फडकी चुरगाळून ढीग करून ठेवली तर आपोआप तापून पेटूही शकतात. मी आता पाण्यात भिजवून टाकते.)

दुसरं भांडण खवटपणाचं. दिवसाला दोन चमचे म्हणजे आठ दिवसांत बाटली संपते, त्यामुळे माझ्याकडे खवट व्हायला वेळच नाही. तरी तिसरी बाटली उघडताच जिभेवर कडूजार, वास सुताराच्या दुकानाचा. दुकानात गेले तर पारदर्शक बाटल्या दर्शनी काचेत, दुपारच्या उन्हात ओळीने मांडलेल्या. उजेड, हवा, उष्णता ही तिन्ही या तेलाची वैरी. बाटलीवर घाण्याची तारीख नाही. मालक म्हणे, शुद्ध तेलाचा वासच असा. मी म्हटलं, मग पहिल्या दोन बाटल्या अशुद्ध होत्या का? तेव्हा गप्प बसला. पैसे परत दिले नाहीत, भरपाई म्हणून किलोभर पेंड दिली. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी पेंड कोणाला घालू? त्यानंतर बोहरी आळीतून गडद काचेची बाटली आणली आणि तेल समोर काढून घ्यायला लागले.

आता गुडघे. ऑगस्टच्या अखेरीला मी हे लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते. दुखणं निम्म्यावर आलं होतं. सोसायटीत चार जणींना सांगितलं, दोघींनी बाटल्या आणल्या. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “गुडघ्यात वंगण होतं ना त्याने!” मीही मान हलवली. पोटातून गुडघ्यापर्यंत नळी टाकलेली नाही, तेल पचतं, हे शाळेत पंचवीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईला तेव्हा सुचलं नाही.

नोव्हेंबरमध्ये लिफ्ट बंद पडली. चौथ्या दिवशी उजवा गुडघा सुजला. तेल चालूच, दोन चमचे, एक दिवस खंड नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. लिफ्ट जूनमध्येही बंद होती आणि २० ऑगस्टला सुरू झाली होती. माझं दुखणं कधी कमी झालं? ऑगस्टच्या अखेरीला. म्हणजे ते पाच तारे लिफ्टच्या मेकॅनिकचे.

त्यात डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं. चार महिन्यांत तीन किलो वाढलं होतं. मोठ्या चमचाभर तेलात १२० उष्मांक, दोन चमच्यांचे २४०, आणि जेवणातलं बाकी काहीच कमी केलेलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, एक किलो वजन म्हणजे प्रत्येक पावलाला गुडघ्यावर सुमारे चार किलोंचा भार. म्हणजे महिना हजार रुपये मोजून मी गुडघ्यावर पावलागणिक बारा किलो चढवले.

भाच्याने त्यावर मीठ चोळलं. १९९५ सालचा फिनलंडमधला प्रयोग त्याने काढून दिला. सांधे सुजवणाऱ्या आमवाताचे २२ रुग्ण, तीन महिने, जवसाची तुलना दुसऱ्या एका बीशी, आणि जवसाचा काही फायदा दिसला नाही. ती दुसरी बी कोणती, तर करडई! जी आमच्या आजीच्या घरी डब्याने यायची. कारणही त्याने सांगितलं. माशात जी तयार ओमेगा थ्री असतात, ती जवसापासून शरीराला स्वतः बनवावी लागतात, आणि त्यातली फारच थोडी बनतात. तेही रुग्ण आमवाताचे, माझ्यासारख्या झिजेचे नव्हेत. ही दोन वेगळी दुखणी आहेत हे बाटली विकणारा कधी सांगत नाही.

आमच्या जाऊबाईंना आमवात आहे. सकाळी तासभर बोटं मिटत नाहीत. त्या इव्हनिंग प्रिमरोझ नावाच्या फुलझाडाच्या बियांच्या तेलाच्या कॅप्सूल घेतात, आणि त्यांच्याबाबतीत मी तोंड जरा सांभाळून उघडते. त्यात गॅमा लिनोलेनिक आम्ल असतं आणि आमवातात त्याचे काही चांगले निकाल आहेत. १९९३ साली अमेरिकेत ३७ रुग्णांच्या प्रयोगात काहींना हेच आम्ल असलेलं, बोरेज नावाच्या झाडाच्या बियांचं तेल २४ आठवडे दिलं, त्यांचे दुखरे सांधे कमी झाले. पण मात्रा बघा, या आम्लाचे रोज १.४ ग्रॅम. प्रिमरोझच्या १००० मिलीग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ते जेमतेम ९० मिलीग्रॅम. म्हणजे दिवसाला पंधराच्या वर कॅप्सूल. तीसची बाटली ५५० रुपयांना, दोन दिवसांत खलास, महिन्याला सव्वाआठ हजारांच्या वर. जाऊबाई घेतात रोज एक. मी हिशेब मांडून दाखवला तर म्हणाल्या, “तुला काय, तू तर बिया चावतेस.” आमवातावरची, आठवड्याची मेथोट्रेक्सेटची गोळी मात्र त्यांनी सोडलेली नाही, आणि ती सोडायला सांगणारा मेसेज त्यांना पाठवणाऱ्या नातेवाइकाशी मी अजून बोलत नाही.

डिसेंबरपासून तेल आठवड्यातून एखाददुसऱ्या दिवशी, तेही चवीला. तेवढ्यातच झाकण कायमचं बसलं. फिजिओने दिलेला व्यायाम, खुर्चीत बसून पाय सरळ करून दहा आकडे धरायचा, रोज करते. दीड किलो उतरलं आहे. मार्केट यार्डातून जवस किलोने आणते, १४० रुपये. भाजून लसूण-तिखट घालून चटणी करते. त्यातही तेल आहेच, शिवाय चोथा मिळतो आणि झाकण उघडताना पकड लागत नाही.

उरलेली अर्धी बाटली काल नातवाने नेली. बॅटला हेच तेल लावतात म्हणे, फळीवर पातळ हात फिरवायचा आणि आडवी ठेवून मुरू द्यायची. रात्रभर बॅट गॅलरीत वर्तमानपत्रावर होती. सकाळी फरशीवर आठवा छापा.