पीएस४ची डिस्क: आतली बदलावी की बाहेरून जोडावी?

इंदूरच्या रामबागेतल्या भाच्याकडे २०१७ साली घेतलेला पीएस४ स्लिम आहे, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ४ हा गेम कन्सोल, ५०० जीबीचा. मध्यंतरी त्याचा फोन आला, "मामा, जागा संपली, आणि हल्ली गेम मध्येच अडकतोही. बाहेरून दोन टीबीची डिस्क लावून टाकू का?" त्याने आजार दोन सांगितले आणि औषध एकच मागितलं.

नुसती जागाच कमी पडत असेल तर बाहेरची डिस्क लावावी, विचार करण्यासारखं त्यात फारसं नाही. २०१७ च्या ४.५० अपडेटपासून पीएस४ यूएसबी ३.० ची डिस्क घेतो, २५० जीबीपासून ८ टीबीपर्यंत. गेम तिच्यावरूनच चालतात, स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही, आतलं काही पुसलं जात नाही. एका पोर्टाची अनेक पोर्टं करणारा हब मध्ये घालायचा नाही, डिस्क थेट कन्सोलला जोडायची. कन्सोल ती डिस्क आधी फॉरमॅट करतो, म्हणून मुंजीचे फोटो ठेवलेली घरातली जुनी डिस्क पुढे करू नका.

पण अडकतोय, त्याचं काय? सिस्टिम आणि सेव्ह फाइली (खेळातली साठवलेली प्रगती) आतल्याच डिस्कवर राहतात. ती गेली की बाहेर आठ टीबी लटकत असले तरी पडद्यावर सीई-३४३३५-८ हा आतली डिस्क सापडत नसल्याचा एरर झळकतो आणि मग बसा हात चोळत. आतली डिस्क खरंच मरायला टेकली असेल तर बाहेरची लावणं म्हणजे भिंत ओलावली म्हणून तिच्यावर कॅलेंडर टांगणं.

म्हणून आधी दोष नक्की कुठे आहे ते बघा. कन्सोल बंद करून पॉवर बटण सातेक सेकंद दाबून ठेवा, दुसरी बीप आली की सोडा. सेफ मोड, म्हणजे दुरुस्तीचा मेनू, येतो. त्यातला पाचवा पर्याय डेटाबेस नव्याने बांधतो, गेम पुसत नाही. एवढ्याने सुधारला तर खर्च वाचला. त्यानंतरही टकटक आवाज येत असेल, ठरावीक जागीच गेम गोठत असेल, तर डिस्कच. पंखा विमानासारखा ओरडत असेल आणि 'फार गरम झालाय' असा संदेश येत असेल तर मात्र डिस्कला दोष देऊ नका. धूळ काढा, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलून घ्या आणि बंद शोकेसमधून कन्सोल बाहेर काढा. मे महिन्यातली इंदूरची दुपार त्याला तशीही पुरेशी असते. चित्रच येत नसेल तर एचडीएमआयचं पोर्ट आधी तपासा. कन्सोल गेमची तबकडी वाचत नसेल तर दुसऱ्या पीएस४चा ड्राइव्ह सरळ बसवून भागत नाही, कारण ड्राइव्हचा बोर्ड मूळ मदरबोर्डशी जोडीने बांधलेला असतो. डिस्क बदलणं त्या मानाने पोरखेळ.

भाच्याच्या कन्सोलची टकटक मला फोनवरच ऐकू आली.

स्लिममध्ये मागच्या कोपऱ्यातलं झाकण सरकवलं की एक स्क्रू, मग ट्रे, आणि ट्रेला चार स्क्रू. पोह्यांना वाफ येईपर्यंत हे झालं. खरा वेळ पुढे जातो. सोनीच्या साइटवरून सिस्टिमची पूर्ण फाइल घ्यावी लागते, साधारण एक जीबीची. शेजारची लहान अपडेट फाइल नव्या डिस्कवर चालत नाही. पूर्ण फाइल पेनड्राइव्हवर ठरलेल्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि सेफ मोडमधला सातवा पर्याय निवडायचा. मग एकेक गेम पुन्हा उतरवत बसायचं. दोन रात्री धरा.

आता आत काय बसवायचं? २.५ इंची, ९.५ मिमीपर्यंत जाडीची साटा डिस्क (साटा म्हणजे पीएस४ला चालणारा जोडणीचा प्रकार). चार टीबीच्या २.५ इंची हार्ड डिस्क १५ मिमी जाड असतात, त्या बसतच नाहीत. दोन टीबीच्या बसतात, पण बहुतेकांवर डेटा कौलांसारखा एकावर एक चढवून लिहिलेला असतो, त्यामुळे लिहिण्याचा वेग मंद. पीएस४ मोठ्या अपडेटच्या वेळी अख्खा गेम नव्याने कॉपी करतो. तेव्हा हा मंदपणा जिवावर येतो. माझं मत साध्या एक टीबीच्या साटा एसएसडीला, म्हणजे आत काही फिरत नसलेल्या डिस्कला. महागडी घेऊन उपयोग नाही, कन्सोलच तो वेग वापरू शकत नाही. इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये मागताना 'साटा' हा शब्द विसरू नका, नाहीतर हातात पीएस४मध्ये न बसणारी, वेगळ्या जोडणीची एनव्हीएमई एसएसडीची पट्टी पडेल.

निम्म्या किमतीत 'दोन टीबी' मिळाली तर हुरळून जाऊ नका. मी एकदा फसलोय: शंभरेक जीबी नीट लिहिले, पुढचं सगळं कचरा. एच२टेस्टडब्ल्यू या डिस्क तपासायच्या प्रोग्रामने कम्प्युटरवर पूर्ण भरून, परत वाचून बघा, मगच बसवा. 'जेलब्रेक करून (कन्सोलची कुलपं तोडून) पन्नास गेम भरून देतो' म्हणणारेही भेटतील. ऑनलाइन खेळायचं असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

हाच प्रश्न पीएस५वाल्याने विचारला तर उत्तर फिरतं. तिथे मूळ साठवण (पहिल्या मॉडेलमध्ये ८२५ जीबी) बोर्डावरच डाख दिलेली आहे, बिघडली तर काम बोर्डाचं. सप्टेंबर २०२१ पासून एम.२ची खाच (एसएसडीची पट्टी बसवायची जागा) वापरता येते: चौथ्या पिढीची एनव्हीएमई, सोनीच्या शिफारशीनुसार सेकंदाला ५,५०० एमबी वाचनवेग, हीटसिंक (उष्णता काढणारी धातूची पट्टी) धरून जाडी ११.२५ मिमीपर्यंत. जागा वाढते, आतलं पुसलं जात नाही. बाहेरच्या यूएसबी डिस्कवर मात्र पीएस५चे गेम नुसते ठेवता येतात, खेळता येत नाहीत. आणि त्यांच्या सेव्ह पेनड्राइव्हवर निघत नाहीत. सोनीच्या पीएस प्लस वर्गणीचे पैसे भरून क्लाउडवरच. जुना कन्सोल विकत घेताना हा फरक मी किमतीइतकाच मोजेन.

पीएस४च्या सेव्ह पेनड्राइव्हवर फुकट निघतात, आणि ते काम स्क्रूला हात लावायच्या आधीचं. आम्हीही काढल्या. एक फाइल मात्र खराब झालेल्या भागावर होती, निघालीच नाही: क्रिकेटमधलं भाच्याचं अकरा सीझनचं करिअर. नव्या एसएसडीवर तो आता पुन्हा अंडर-नाइन्टीनच्या निवडचाचणीत उभा आहे.